शेरी माशाचे सत्तर रियाल

रेमेतबाय,

आधी माफी मागते. चौथीनंतर मी पेन हातात धरलं ते फक्त बँकेत सही करायला. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका होतील, आणि अक्षर तर दोरीवर वाऱ्याने गुंतलेल्या बोंबलांसारखं आहे. नाही लागलं तर पुढच्या शब्दावर जा, अर्थ लागेल.

मी कतारहून आले त्याला आता सहा महिने होतील. तुझ्या घरी रोझरीला बाया जमल्या तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "सांग ना गं, कसं होतं तिकडे?" सगळ्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. मी "छान होतं" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. तू मोठी बहीण, तुला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून ही वही. तू वाच. नंतर त्या बायांनाही वाचून दाखव हवं तर, पण मी तिथे नसताना.

दुसरं कारण ब्लँकेटचं. निघताना तू शंभराच्या दहा नोटा माझ्या हातात ठेवल्यास आणि म्हणालीस, "तिकडून जाड, फुलाफुलांचं ब्लँकेट आण, माझे गुडघे थंडीत ठणकतात." मी ब्लँकेटशिवाय आले. माझी बॅग उघडताना तू दोनदा आत हात घालून पाहिलंस, ते मी बघितलं. ते ब्लँकेट का आलं नाही, तेही यात आहे.

वक्रा

जेनी दोह्यात एका हॉस्पिटलात नर्स आहे आणि जावई विन्सेंट एका ऑफिसात हिशोब लिहितो, हे तुला माहीतच आहे. पण ते राहतात ते दोह्यात नाही. दोह्याच्या नजमा भागात एका खोलीचं जे भाडं पडतं तेवढ्यात अल वक्रा गावात दोन खोल्या आणि गच्ची मिळाली, म्हणून ते तिकडे गेले. दोह्यापासून गाडीने वीस मिनिटं. जुनं गाव, समुद्रावरचं. पूर्वी मोती काढणाऱ्यांचं आणि मासे मारणाऱ्यांचं होतं.

मला वाटलं होतं नुसती वाळू असेल आणि घामाने जीव जाईल. डिसेंबरात उतरले तर विमानतळाबाहेर असा गार वारा की विन्सेंटने आपला स्वेटर काढून मला दिला. लुगड्यावर पुरुषाचा काळा स्वेटर घालून मी कतारमध्ये पाय ठेवला. पुढचे अडीच महिने तोच घातला.

जेनीला आठवा महिना संपत आलेला, डॉक्टरने पडून राहायला सांगितलेलं. सकाळी तिचं खाणंपिणं करून ती झोपली की मी गावात एक फेरी मारायची. पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्यापर्यंत. तो पाव नव्हे, सुपाएवढी मोठी पातळ रोटी करतो, भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापून. एक रियालला चार, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. घरी येईपर्यंत एक रोटी मी रस्त्यातच खाऊन टाकायची. जेनी म्हणायची, "चार सांगितल्या तर तीनच कशा येतात गं रोज?"

तिसऱ्या दिवशी समुद्रावर गेले. रेमेतबाय, त्या समुद्राला लाटाच नाहीत. ताटात निवायला ठेवलेल्या पेजेसारखा स्वस्थ. रंग वरती पांढरट, मग पोपटी, मग लांब निळा. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की होड्या चिखलात कुशीवर झोपतात, तेवढं मात्र आपल्या बंदरासारखंच. काठावरची जुनी घरं समुद्रातल्याच दगडांची आहेत. भिंतीला हात लावला तर शिंपल्याचे तुकडे हाताला लागतात. बरीच पडायला आलेली, पण दारांवरचं कोरीव काम अजून शाबूत.

आणि वास! एका घराच्या गच्चीवरून सुक्या मासळीचा वास आला तेव्हा मी रस्त्यातच उभी राहिले. बारीक मांदेलीसारखी मासळी चटईवर वाळत टाकलेली होती. एवढ्या लांब येऊन नाकाला घरचं काही मिळालं, म्हणून मला एकदम बरं वाटलं.

त्यांचं जाळं मात्र वेगळं. तारेचा विणलेला मोठा पिंजरा, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखा, पण माणूस आत बसेल एवढा. त्याला गरगूर म्हणतात. आत रोटीचे तुकडे टाकून समुद्राच्या तळाशी सोडायचा. मासा वाटेने आत जातो, बाहेरची वाट त्याला सापडत नाही. आपल्यासारखं डोल जाळं लावून भरतीची वाट बघत बसायला नको. मी अर्धा तास उभी राहून विणकाम बघितलं. विणणारा बंगाली होता. त्याने विचारलं, "कुछ चाहिए?" मी घाबरून घरी पळाले.

लिलाव

आता मुख्य गोष्ट.

विन्सेंटला सुट्टी होती तेव्हा तो म्हणाला, "आई, बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. बघायचा का? येताना किलोभर मासे पण आणू."

तू आणि मी वीस वर्षं वसईच्या बंदरावर लिलावाला उभ्या राहिलो. तू पुढे, मी पाटी घेऊन तुझ्या मागे. बोली तू लावायचीस. मी फक्त माशाचे कल्ले बघायची आणि पुढचा आकडा हळूच तुझ्या कानाशी सांगायची. तू तो मोठ्याने ओरडायचीस. माझा आवाज त्या बंदरावर कोणी कधी ऐकला नाही. तुझे गुडघे गेले त्या दिवसापासून मीही जायची बंद झाले, कारण कानात सांगायला कान नव्हता. दोन वर्षं आपण दुसऱ्यांकडून चढ्या भावाने घेऊन विकत होतो.

वक्र्याचा लिलाव फरशीवर होतो. टोपल्या ओळीने मांडलेल्या आणि भोवती पुरुषांचं कडं. हॉटेलवाले मलयाळी, बंगाली, पांढऱ्या झग्यातले दोनचार अरब. बाई एकही नाही. लिलाव पुकारणाऱ्याला तिथेही दलालच म्हणतात. तो एक आकडा अरबीत आणि तोच परत हिंदीत ओरडतो. विन्सेंट म्हणाला, "आई, इथे उभ्या राहा, मी गाडीतून पिशवी आणतो," आणि गेला.

पुढची टोपली आली. शेरी म्हणून मासा असतो तिकडे, वाण्याच्या वजनासारखा भरीव, बारा-तेरा होते. मी वाकून कल्ला उचलून बघितला. लालबुंद. सकाळचाच मासा. मनात हिशोब झाला की नव्वदला गेली तरी स्वस्त. बोली मात्र रेंगाळत होती. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा अरब बसला होता, पांढरी दाढी, हातात बांबूची काठी. तो म्हणाला, "पैंसठ." दलाल ओरडला, "पैंसठ! पैंसठ!" कोणी पुढे बोलेना.

आणि रेमेतबाय, मी तुझ्या कानात सांगितलं, "सत्तर."

तू नव्हतीस ना तिथे! तुझा कान वसईत होता. माझा आवाज तसाच मोकळ्यावर गेला. कसा कोण जाणे, चांगला खणखणीत गेला.

सगळे वळून बघायला लागले. लुगडं, वर काळा स्वेटर, आणि माझा वासलेला जबडा. दलाल माझ्याकडे बघत म्हणाला, "सत्तर! माँ ने बोला सत्तर!" मी मान हलवून नाही नाही म्हणत होते, पण ते कोणाला कळलं नाही. मला वाटलं आता कोणीतरी पंचाहत्तर म्हणेल आणि मी सुटेन. कोणी म्हणेना. हॉटेलवाले मलयाळी खाली बघायला लागले. म्हाताऱ्यानेही काठी जमिनीवर टेकवली, म्हणजे बोली सोडली. दलालाने तीनदा पुकारलं आणि टोपली माझ्या पायाशी सरकवली.

विन्सेंट पिशवी घेऊन आला तेव्हा मी टोपलीसमोर उभी होते.

"आई, हे काय?"

"मी घेतले."

"सगळे?"

"सगळे."

त्याच्या खिशात तीस रियाल होते, पगाराला अजून आठवडा होता. मी पदराची गाठ सोडली आणि तुझ्या शंभराच्या दहा नोटा बाहेर काढल्या. दलाल हसायला लागला. तेवढ्यात तो म्हातारा उठून आला. त्याने माझ्या हातातली एक नोट घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाला, "रुपिया! पहले हमारा पैसा भी यही था. हम छोटा था, तब." मग ती माझ्या हातात परत ठेवली, आणि मी काही म्हणायच्या आत आपल्या खिशातून सत्तर रियाल काढून दलालाच्या मुठीत कोंबले.

"नको, नको," मी म्हटलं.

"तुम मेहमान," तो म्हणाला. "खलास."

गाडीत बसल्यावर विन्सेंट डोकं धरून हसत होता. "इथे बाईमाणसावर कोणी बोली चढवत नाही, आई. म्हातारीवर तर नाहीच. तुम्ही हजार बोलल्या असत्या तरी टोपली तुमचीच होती."

मला हसू येईना. मासे त्या म्हाताऱ्याने मागितले होते. म्हणजे त्याच्या तोंडचे मासेही माझ्याकडे आणि त्याचे पैसेही माझ्याकडे. आईबाबांच्या वेळेपासून आपण बंदरावर कोणाचं देणं दुसऱ्या दिवसावर जाऊ दिलं नाही. आणि इथे परक्या मुलखात, ज्याचं नावही माहीत नाही त्याचं!

जेनी अंथरुणावरून म्हणाली, "वसईत तोंड उघडत नाहीस, आणि अरबांच्या लिलावात बोली लावलीस? रेमेतमावशीला फोन करू?"

"खबरदार," मी म्हटलं.

बू सालेमचं घर

विन्सेंटने चौकशी केली. म्हाताऱ्याला सगळं गाव बू सालेम म्हणतं. सालेमचा बाप. मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारायची तिकडे रीत आहे. त्याच्या बायकोचं नाव उम्म सालेम, सालेमची आई. आपल्याकडे "अमक्याची आय" म्हणतो तसंच. बू सालेम पूर्वी लाकडी जहाज चालवणारा तांडेल होता आणि आमच्यापासून तीनच गल्ल्या पलीकडे राहत होता.

मी तुझे रुपये विन्सेंटकडून दोह्यात बदलून घेतले. सत्तर रियाल आले आणि वर थोडी चिल्लर. आलेल्या माशांपैकी अर्धे मीठ लावून गच्चीवर सुकत टाकले होते, बाकीच्यांचं आपला मसाला घालून कालवण केलं. मोठ्या भांड्यात कालवण, वर आपली सुकेळी आणि रियाल एका पाकिटात, असं घेऊन आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो.

विन्सेंटला पुरुषांच्या बैठकीत नेलं, मला आत बायकांच्या. चपला दारात काढायच्या, हे आपल्यासारखंच. खाली गालिचा, भिंतीला टेकून लोड. उम्म सालेमच्या चेहऱ्यावर निळसर सोनेरी चमकणारा मुखवटा होता, कपाळ आणि नाक-ओठ झाकणारा. जुन्या बाया तो घरातही घालतात. मला आधी भीती वाटली. पण तिचे डोळे आपल्या आजीसारखे बारीक हसरे होते. ती अरबीशिवाय काही बोलत नव्हती आणि मी तर मराठीतही बोलत नाही. त्यामुळे आमचं छान जमलं.

तिने कॉफी आणली. तिकडची कॉफी काळी नसते, पिवळसर असते, वेलची-केशराची, साखर नाही. सोबत खजूर. कानाशिवाय इवलासा कप, तोही बशीविना. मी प्यायले. तिने परत ओतली. पुढ्यात आलेलं टाकायचं नाही म्हणून मी तीही संपवली. तिने परत ओतली. चौथा, पाचवा, सहावा. माझी छाती धडधडायला लागली. नवव्या कपाला मी डोळे मिटून येशूचं नाव घेतलं. तेव्हा उम्म सालेमने माझं मनगट धरलं आणि कप माझ्याच हाताने दोनदा हलवून दाखवला. असा हलवला की पुरे. नाही हलवला की अजून हवी. ती एवढी हसली की मुखवटा सरळ करावा लागला. तिचीही पंचाईत झाली असणार. किटली संपत आली होती.

तेवढ्यात बाहेरून मोठ्याने ओरडणं ऐकू आलं. मला वाटलं भांडण झालं. बू सालेम हातात सुकेळी धरून दारापाशी आला, त्याच्या मागे विन्सेंट. "यह! यह केला! पचास साल के बाद!" तरुणपणी तो जहाजातून खजूर घेऊन मुंबईला यायचा आणि तिथे बंदरावर पानात बांधलेली सुकी केळी घ्यायचा. "मीठा, काला, ऐसा चिपकता था," असं म्हणून त्याने आपल्या दाताला बोट लावून दाखवलं. बायकोला त्याने एक तुकडा भरवला. आमच्यासमोर! ती लाजली, मी भिंतीकडे बघितलं.

मग विन्सेंटने पाकीट पुढे केलं. बू सालेमचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"यह क्या? मेहमान से पैसा? ऐब."

ऐब म्हणजे लाजेची गोष्ट. पाकीट परत आलं. निघताना त्याने मला विचारलं, "माँ, लड़का है?" मी नाही म्हणून मान हलवली, एकच मुलगी, जेनी. "तो तुम उम्म जेनी," तो म्हणाला. वसईत मला कोणी मुलगा नाही म्हणून हळहळल्याशिवाय सोडत नाही. त्याने एका शब्दात नाव देऊन टाकलं.

दोन दिवसांनी आमचं भांडं परत आलं, भरलेलं. रिकामं भांडं तेही परत पाठवत नाहीत. आत गोड शेवया आणि शेवयांवर चक्क अंड्याची पोळी! जेनीने नाक मुरडलं, मी खाल्ल्या. तीन घास विचित्र लागलं, चौथ्यापासून चांगलं. धुऊन मी भांड्यात कोळंबीचं लोणचं भरलं आणि खाली फडक्यात पाकीट लपवलं. भांडं भातमाशाने भरून परत आलं आणि फडक्यात माझं पाकीट तसंच. फक्त त्याला आता अत्तराचा वास येत होता.

मग मी रस्ता बदलून भट्टीवर जायला लागले, बू सालेम खुर्चीवर बसलेला दिसू नये म्हणून. देणं डोक्यावर असलं की माणूस गल्ली बदलतो, हे आपण बंदरावर दुसऱ्यांचं बघितलं होतं. माझ्यावर कधी आलं नव्हतं. व्हिसा तीन महिन्यांचा. रात्रीचं मनात यायचं की मी अशीच निघून जाईन आणि वक्र्यात माझं सत्तर रियालचं देणं राहील.

अळीव

जानेवारीत जेनीला मुलगी झाली. सगळं सुखरूप. दोह्याच्या हॉस्पिटलातून घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी उम्म सालेम दारात हजर. एका हातात धुपाचं भांडं, दुसऱ्यात डबा. आधी तिने सगळ्या खोल्यांत धूप फिरवला. आम्हाला काय, चर्चमध्ये सवय आहे. मग डबा उघडून जेनीच्या पुढे चमचा धरला. आत गरम, चिकट, तांबूस खीर.

मी चाखली आणि ओरडलेच. "अगं जेनी, हे तर अळीव!"

बाळंतिणीला अळीव! एवढा समुद्र ओलांडून! मी उठून कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला, त्यात मी वसईहून आणलेले अळिवाचे लाडू. उम्म सालेमने एक फोडला, दाणे बोटावर घेऊन बघितले आणि माझ्या मांडीवर थाप मारली. तिने आपल्या कमरेला हात लावून दाखवलं, म्हणजे कंबर मजबूत होते. मी दंडाला हात लावला. दूध येतं म्हणून तिने जी खूण केली ती इथे लिहीत नाही. जेनी म्हणाली, "तुम्ही दोघी आता मला चरबी चढवूनच सोडणार."

जाताना तिने बाळाची मूठ उघडली आणि आत शंभर रियालची नोट ठेवली.

मी कपाळाला हात लावला. सत्तर होते, आता एकशे सत्तर! पण जेनी म्हणाली, "आई, बाळाच्या मुठीतला पैसा बाळाचा. आपल्याकडे कोणी परत करतं का?" ते खरं होतं. बाळाला बघायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही आणि त्याचं देणं कोणी धरत नाही. ते शंभर मी सोडले. सत्तर मात्र सत्तरच राहिले.

शेवटचा शुक्रवार

माझं विमान सोमवारचं होतं. शुक्रवारी सकाळी एका हॉलमध्ये प्रार्थनेची मिस्सा असायची, वसईच्या दहाबारा नर्सा भेटायच्या. मिस्सा चालू असताना माझ्या डोक्यात एकदम आलं. देवाने माफ करावं, लक्ष तिकडे होतं. मेहमानाकडून बू सालेम पैसे घेणार नाही. पण दलालाने मेहमानाकडून घेतले तर?

दुपारनंतर मी विन्सेंटला म्हटलं, "मला लिलावाला ने."

"परत?" तो म्हणाला. "आई, या वेळी तोंडाला पदर लावून उभ्या राहा."

बू सालेम त्याच खुर्चीवर होता. मला बघून त्याने हात छातीला लावला. मीही लावला, आता मला येत होतं. सात दहाच्या नोटा मी मुठीत घट्ट धरल्या होत्या. अत्तराचा वास अजून येत होता. तीन टोपल्या गेल्या. चौथी शेरीची. मी कल्ले बघितले नाहीत, पण मासा चांगला दिसत होता. एका मलयाळ्याने पन्नास म्हटलं. बू सालेमने काठी उचलली. "पचपन."

वळून बघितलं तर विन्सेंट माझ्याकडेच बघत होता. या वेळी तुझ्या कानात नाही सांगितलं, रेमेतबाय. समोर बघून बोलले.

"सत्तर!"

दलालाने मला ओळखलं. त्याचे दात दिसायला लागले. "माँ, साठ बोलो. साठ बस है."

"सत्तर," मी म्हटलं.

"माँ, पैसा जास्ती है क्या?"

"सत्तर!"

कोणी चढवणार नाही हे मला माहीत होतं. कोणी चढवली नाही. तिसरा पुकारा झाला तसे मी सातही नोटा दलालाच्या मुठीत ठेवल्या आणि वरून त्याची बोटं बंद केली. बंदरावरच्या दलालाची मूठ एकदा बंद झाली की परत उघडत नाही, वसईला काय आणि तिथे काय. मग टोपली दोन्ही हातांनी ओढत बू सालेमच्या पायापाशी नेली. विन्सेंट मदतीला आला त्याला कोपराने बाजूला केलं.

"नहीं नहीं, उम्म जेनी, यह क्या..."

वाक्य मी सकाळपासून पाठ केलं होतं. "उस दिन आपका मछली हम ले गया. आज आपका मछली वापस. मेहमान का नहीं, बाजार का है. खलास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टोपलीकडे. मग दलालाच्या मुठीकडे. आणि त्याने मांडीवर अशी थाप मारली की काठी पडली. दलालाला तो अरबीत काहीतरी म्हणाला आणि सगळं कडं हसायला लागलं. विन्सेंटने विचारलं तेव्हा दलालाने सांगितलं, "बोलता है, साठ साल समुंदर में गया, आज एक औरत ने गरगूर में पकड़ लिया."

बू सालेमने दोन्ही हात छातीला लावले. "खलास, उम्म जेनी. हिसाब बराबर."

त्या दिवशी घरी जाताना मी बू सालेमच्या घरावरच्या जुन्याच गल्लीने गेले.

वसई

आता ब्लँकेट का आलं नाही ते कळलं तुला. जेनी म्हणत होती, मी घेऊन देते. मी नको म्हटलं. ते तुझ्या पैशाचं झालं नसतं, आणि तुझा पैसा मी खर्चला तो माझ्या तोंडामुळे.

आल्यावर आठ दिवसांनी मी एकटी बंदरावर गेले. पहिल्या दिवशी नुसती उभी राहून परत आले. दुसऱ्या दिवशी मांदेलीची पाटी आली, कल्ले बघितले आणि बोलले. बाजूच्या बाया म्हणाल्या, "अगं, रेमेतची बहीण बोलली!" त्यातल्या एकीने माझ्यावर दहा रुपये चढवले. वसईत बाई म्हणून कोणी सोडत नाही. मीही तिच्यावर वीस चढवले. तेव्हापासून रोज जाते. तुझ्या कानावर हे आलंच असेल, पण तू कधी विषय काढला नाहीस आणि मलाही सांगता आलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानाला केसांच्या आकड्याने शंभराच्या दहा नोटा लावल्या आहेत. सगळ्या बंदरावरच्या कमाईतल्या. एका नोटेला खवला चिकटलाय, तो मी काढला नाही. मोजून घे. तुझे हजार पूर्ण फिटले.